रात्रीची लाईट आणि सकाळचा हिशेब

रब्बीच्या दिवसांत कयाधूच्या काठाने रात्री अकरा-बाराला निघालं, की शेताशेतांत बॅटरीचे ठिपके हलताना दिसतात. कुणी गव्हाला दारं धरतोय, कुणी हरभऱ्यावरचे तुषारचे पाइप हलवतोय, कुणी फेज गेला म्हणून डीपीपाशी उभा आहे. कृषिपंपांना थ्री-फेज लाईट पाळीने मिळते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची पाळी आली की हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत घरटी एक माणूस तरी शेतात असतो.

या जागरणाविरुद्ध मराठवाड्यातला शेतकरी वर्षानुवर्षं बोलतो आहे. साप, विंचू, रानडुक्कर, ओल्या पायाने स्टार्टरला हात लावल्यावर बसणारा शॉक, जानेवारीची थंडी ही त्याची कारणं. सगळी खरी आहेत, आणि दिसणारी आहेत. साप चावला तर बातमी येते. मला ज्या नुकसानीबद्दल लिहायचं आहे तिची बातमी येत नाही, कारण ती ज्याची होते त्यालाही कळत नाही. रात्रभर बांधावर काढलेल्या माणसाचं डोकं दुसऱ्या दिवशी सकाळी किती भरवशाचं असतं, हा तो प्रश्न.

त्या सकाळी त्याच्यापुढे काय काय असतं ते पाहा. कृषी सेवा केंद्रात जाऊन अळीवरचं औषध घ्यायचं. दुकानदार सांगतो, लिटरला दोन मिली. पाठीवरचा साधा पंप पंधरा लिटरचा, म्हणजे तीस मिली. पेट्रोल पंप असेल तर पाणी कमी लागतं, म्हणून मात्रा तिप्पट. सोबत टॉनिक दिलं आहे, त्याचं माप वेगळं, आणि बाटलीचं झाकण किती मिलीचं ते आणखी वेगळं. हे सगळं डोक्यात धरून तो शेतात येतो आणि पंपात झाकणं ओतायला लागतो. मध्येच मोबाइल वाजतो. बोलून झाल्यावर प्रश्न पडतो, दोन झाकणं झाली होती की तीन?

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. कपाळामागे असलेल्या मेंदूच्या भागात काही पेशी काही सेकंद एकसारख्या चालू राहिल्या की नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

1971 साली दोन ठिकाणी, एकमेकांपासून दूर, जवळपास सारखंच काहीतरी सापडलं. अमेरिकेत होआकिन फुस्टर आणि गॅरेट अलेक्झांडर यांनी, तर जपानमध्ये कुबोटा आणि निकी यांनी, काम करणाऱ्या माकडांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युत्-ठोके मोजले. फुस्टर यांचा प्रयोग सांगायला सोपा आहे. माकडासमोर दोन जागा. एकीत खाऊ ठेवलेला त्याला दिसतो. मग पडदा येतो. काही वेळ काहीच दिसत नाही. पडदा उठला की त्याने बरोबर जागेवर हात घालायचा. खाऊ दिसताना पेशी ठोके देतात यात नवल नव्हतं. नवल असं, की पडदा पडलेला असताना, समोर काहीही नसताना, कपाळामागच्या काही पेशींचे ठोके वाढलेलेच राहिले. जगात ती गोष्ट दिसत नव्हती आणि पेशी ती धरून बसल्या होत्या. शास्त्रज्ञ या क्षमतेला वर्किंग मेमरी म्हणतात. नुकतं ऐकलेलं, पाहिलेलं काम होईपर्यंत हाताशी ठेवणारी स्मृती ती हीच. लहानपणच्या आठवणींशी किंवा पाठ केलेल्या अभंगांशी तिचा थेट संबंध नाही.

पुढे 1989 मध्ये येल विद्यापीठात फुनाहाशी, ब्रूस आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी हा प्रयोग आणखी काटेकोर केला. माकडाने पडद्याच्या मधल्या ठिपक्याकडे टक लावून पाहायचं. कडेच्या आठ जागांपैकी एका जागी क्षणभर दिवा लागून विझतो. मग काही सेकंद थांबायचं, आणि इशारा मिळाला की दिवा जिथे लागला होता तिकडे नजर टाकायची. प्रत्येक दिशेसाठी वेगळ्या पेशी निघाल्या. एखादी पेशी डावीकडची जागा धरायची, दुसरी वरची. आणि माकड जेव्हा चुकायचं, तेव्हा त्या थांबण्याच्या काळात संबंधित पेशीचे ठोके बहुधा आधीच मंदावलेले असायचे. म्हणजे चूक नजर फिरवताना झाली नव्हती. मधल्या रिकाम्या सेकंदांत होऊन गेली होती.

आणखी पंचवीस वर्षांनी, 2014 मध्ये, विमर, कॉम्प्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की स्मृती प्रत्येक वेळी विझतेच असं नाही, ती सरकतेही. एकमेकांना ठोके देत राहणाऱ्या पेशींचा जो पुंजका जागा धरून असतो, तो थांबण्याच्या काळात थोडा डावीकडे किंवा उजवीकडे घसरतो, आणि प्राण्याची नजरही मग त्याच बाजूला थोडी चुकते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. विझलेल्या स्मृतीत माणसाला निदान आठवत नाही हे तरी कळतं. तो दुकानदाराला पुन्हा फोन करतो. सरकलेल्या स्मृतीत तशी सोय नाही. तीस मिलीचे चाळीस झाले, तरी चाळीस हाच आकडा दुकानदाराने सांगितला होता असं त्याला वाटत असतं.

या पेशी टिकून कशा राहतात? एकमेकींच्या आधाराने. एकीचा ठोका दुसरीला जागं ठेवतो, दुसरीचा पहिलीला, आणि हे रिंगण चालू राहतं. त्यासाठी पेशींच्या जोडांवर एनएमडीए नावाचे ग्राही लागतात. ते सावकाश उघडतात, सावकाश मिटतात, त्यामुळे दोन ठोक्यांमधली पोकळी भरून निघते. शिवाय ॲसिटिलकोलीन, डोपामीन, नॉरॲड्रेनलीन ही रसायनं योग्य प्रमाणात लागतात. कमी झाली तर रिंगण थंडावतं. जास्त झाली तरी, विशेषतः भीती आणि ताणाच्या वेळी, पेशींवरच्या पोटॅशियमच्या वाटा उघडतात आणि जोडणी तात्पुरती सुटते. येलच्याच एमी आर्नस्टन यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांच्या गटाने 2011 मध्ये हेही दाखवलं की वयस्क माकडांत हे टिकून राहणारे ठोके कमी झालेले असतात. थोडक्यात, मेंदूतली ही यंत्रणा सगळ्यात नाजूक आहे आणि उपाशी, घाबरलेल्या, दमलेल्या माणसात ती सगळ्यात आधी डगमगते.

शास्त्रज्ञांमध्ये याबद्दल वाद आहे, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. एमआयटीचे अर्ल मिलर आणि त्यांचे सहकारी म्हणतात की ठोके सलग चालू राहतात हे चित्र अनेक प्रयत्नांची सरासरी काढल्यामुळे तयार होतं. एकेक प्रयत्न सुटा पाहिला तर ते थोडा वेळ उसळून पुन्हा शांत होताना दिसतात, आणि मधल्या शांततेत माहिती पेशींच्या जोडांमध्ये तात्पुरती साठून राहत असावी. क्रिस्तोस कॉन्स्टँटिनिडिस आणि इतर काही जण सलग ठोक्यांच्या बाजूने आहेत. 2018 मध्ये या दोन बाजूंचे लेख एकाच नियतकालिकात समोरासमोर आले. आपल्या कामापुरती गोष्ट मात्र दोघांनाही मान्य आहे: माहिती धरून ठेवणारा हा व्यापार जितका डळमळीत, तितका निर्णय चुकण्याचा संभव जास्त.

आता जागरणाकडे. 2011 मध्ये व्याझोव्स्की, तोनोनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळेनंतर काही तास जागं ठेवलं. उंदीर पूर्ण जागे होते, डोळे उघडे, हालचाल चालू. पण मेंदूच्या सालीतल्या काही पेशी मधूनमधून क्षणभर गप्प होत होत्या, जशा त्या गाढ झोपेत होतात. सगळा मेंदू नाही, फक्त एखादा तुकडा. त्या उंदरांना फटीतून पंजा घालून साखरेची गोळी उचलायला शिकवलं होतं. पंजा हलवण्याच्या क्षणभर आधी हालचालीच्या भागातल्या पेशी अशा गप्प झाल्या असतील, तर गोळी हातून निसटायची. उंदीर जागा होता आणि त्याचा पंजा चालवणारे काही कारागीर झोपले होते, एवढाच त्याचा हिशेब.

माणसात हे पाहणं अवघड, कारण डोक्यात तार घालायला कुणी तयार होणार नाही. पण अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी तारा ठेवाव्याच लागतात. अशा बारा रुग्णांवर युवल नीर आणि इत्झाक फ्रीड यांनी केलेलं काम 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. जागरणानंतर ज्या क्षणी रुग्ण उत्तर द्यायला रेंगाळायचा, त्या क्षणी त्याच्या पेशींचे ठोके दुबळे आणि उशिरा पडलेले दिसले. समोरचं चित्र डोळ्यांपर्यंत वेळेवर पोचत होतं. आत त्याची दखल उशिरा घेतली जात होती. हिंगोली-नांदेड रस्त्यावर पहाटे दूध घेऊन निघालेल्या मोटारसायकलवाल्यासाठी हा उशीर काय असतो, ते वेगळं सांगायला नको.

आकड्यांत बोलायचं तर 1997 मध्ये डॉसन आणि रीड यांनी चाळीस माणसांवर एक साधी तुलना केली. सलग सतरा तास जागल्यावर हात-डोळ्यांच्या कामात जी घसरण होते, ती रक्तात 0.05 टक्के दारू असतानाच्या घसरणीएवढी निघाली. चोवीस तासांनंतर ती 0.1 टक्क्याच्या जवळ गेली. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. पहाटे पाचला उठलेला शेतकरी रात्री दहाला सतरा तास पुरे करतो, आणि रात्रपाळीची लाईट असेल तर त्याच सुमारास घरातून निघतो. दारू पिऊन कुणी फवारायला निघाला तर घरचे पंप काढून घेतील. रात्रभर दारं धरून आलेल्याला मात्र चहा करून देतात आणि म्हणतात, ऊन व्हायच्या आत फवारून या.

खरी धोक्याची गोष्ट यापुढची आहे. 2003 मध्ये व्हॅन डाँगेन आणि डिंजेस यांनी अठ्ठेचाळीस धडधाकट माणसांना घेऊन प्रयोग केला. त्यात काहींना सलग चौदा रात्री सहाच तास झोपू दिलं. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची कामगिरी पूर्ण जागरण केलेल्यांच्या पातळीपर्यंत उतरली होती. आणि त्यांना विचारलं तर आपण फारसे पेंगुळलेले नाही, असंच ते सांगत होते. सुरुवातीला झोप आल्याची जाणीव वाढते, मग ती एका जागी थांबते; कामातली घसरण चालूच राहते. ‘आपल्याला सवय आहे’ हे वाक्य सेनगावपासून वसमतपर्यंत कुणाच्याही तोंडी ऐकू येईल. सवय होते ती जागरणाच्या त्रासाची. चुकीची होत नाही.

हिंगोलीत हे लिहिताना औंढ्याजवळच्या लायगो प्रकल्पाची आठवण होणं अपरिहार्य आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा तिथे व्हायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकाला आरसे, आणि प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान असा त्यांच्यातला फरक मोजायचा. त्यासाठी आरसे थरथरता कामा नयेत. म्हणून रेल्वे, महामार्ग, कारखान्यांचा गलका यांपासून दूर जागा शोधली गेली. खूण इतकी क्षीण आणि भोवतीचा गोंधळ इतका मोठा, की सगळं कौशल्य गोंधळ दाबण्यात लागतं. कपाळामागच्या पेशींचा प्रश्न याच जातीचा आहे. तीस मिली ही खूण आहे. रात्रीचं जागरण, कर्जाचा हप्ता, सोयाबीनचा पडलेला भाव, मुलाच्या फीची तारीख हा गोंधळ. आरसे शांत राहावेत यासाठी आपण जमिनीची निवड करतो. माणसाच्या बाबतीत मात्र, याने नीट ऐकलं नव्हतं, असं म्हणून मोकळे होतो.

हप्त्याचा उल्लेख ओघात आला नाही. 2013 मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्दार शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची चाचणी घेतली. तेच शेतकरी, एकदा तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि एकदा तोडणीनंतर. तोडणीआधी त्यांची आकृत्या जुळवण्याची आणि लक्ष ठेवण्याची कामगिरी स्पष्टपणे खाली होती. त्यांच्या मते पैशाची विवंचना डोक्यातली जागा अडवून बसते. या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले आहेत. तोडणीनंतरची चाचणी दुसऱ्यांदा होते, त्यामुळे सरावाचा फायदा मिळतो, हा त्यातला एक. त्याला लेखकांनी उत्तर दिलं, वाद पुरता मिटला नाही. तरीही माझा कल त्यांच्याकडे आहे. मे-जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, बियाणं, खत, पीककर्ज आणि सावकार यांचे सगळे निर्णय एकदम घ्यावे लागतात, आणि त्याच वेळी खिसा सगळ्यात रिकामा असतो. वर्षाचे सर्वांत महागडे निर्णय आपण वर्षातल्या सर्वांत वाईट डोक्याने घेतो, असं म्हणायला मला तरी संकोच वाटत नाही.

आणि मग फवारणीचं औषध. इथे गोष्ट अप्रत्यक्ष राहत नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला निकामी करतात. ॲसिटिलकोलीनचं काम संपलं की ते साफ करणं हे या विकराचं काम. तो बंद पडला की किडीच्या शरीरात ॲसिटिलकोलीन साचतं, मज्जासंस्था झटके देऊन बंद पडते. माणसाच्या शरीरातही हीच व्यवस्था आहे. जास्त मात्रेत बाहुल्या बारीक होतात, लाळ सुटते, घाम येतो, श्वास अडतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते हे, की ज्या पेशी माहिती धरून ठेवतात त्यांना नेमकं हेच रसायन मोजून-मापून लागतं. म्हणजे फवारणी करणारा माणूस ज्या यंत्रणेच्या आधाराने मात्रा लक्षात ठेवतो, त्याच यंत्रणेला त्या औषधाचा पहिला धक्का बसू शकतो. दहा पंप मारायचे आहेत. पहिल्या पंपाचं माप चुकण्याची शक्यता आणि आठव्याची, या दोन्ही सारख्या नसतात.

पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या खरिपात काय झालं ते आपण विसरलेलो नाही. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, अनेक औषधांचं मिश्रण, अंगावर साधा बनियन. किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्यानंतर बोलणं झालं ते मास्क, हातमोजे, बनावट औषधं, दुकानदारांचे परवाने यांवर. बाटलीवरचा लाल-पिवळा त्रिकोण शेतकऱ्याला कळत नाही, त्याला प्रशिक्षण द्या, असंही म्हटलं गेलं. प्रशिक्षण द्यावंच. पण माहिती नसणं आणि माहिती त्या मिनिटाला हाताशी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर प्रशिक्षण हा उपाय आहे. दुसरीवर नाही. लिटरला दोन मिली हे पाठ असलेला माणूसही चौथं झाकण ओतू शकतो.

हे वाचून कुणी म्हणेल, मग उपाय सोपा आहे, लोकांनी जास्त झोपावं. तसं नाही, आणि याचा पुरावा चेन्नईत आहे. तिथे कमी उत्पन्नाच्या 452 माणसांवर बेसोन, राव, शिल्बाक, स्कोफील्ड आणि तोमा यांनी केलेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसं अंथरुणावर आठ तास असायची आणि झोपायची साडेपाच तासांच्या आसपास. उकाडा, डास, आवाज. त्यांची रात्रीची झोप सुमारे सत्तावीस मिनिटांनी वाढवली गेली. बुद्धीच्या चाचण्यांत किंवा कमाईत काही फरक पडला नाही. फरक पडला तो कामाच्या ठिकाणी दुपारी दिलेल्या अर्ध्या तासाच्या डुलकीने. माझ्या सगळ्या मांडणीला हा अभ्यास थोडा आडवा जातो, आणि म्हणूनच तो सांगितला पाहिजे. तुटक झोपेत तुटक झोपेची भर घालून फायदा होत नसावा. निंबाखालच्या बाजेवर दुपारी पाठ टेकणाऱ्याला आळशी म्हणणाऱ्यांनी मात्र जिभेला जरा आवर घालावा.

दुसरा सोपा उपाय बाजारात तयार आहे, आणि तो तर आपल्याच पिकाच्या नावाने विकला जातो. वसमतची हळद नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हळदीतल्या कर्क्युमिनने स्मरणशक्ती वाढते, अशा जाहिरातींच्या गोळ्या शहरात हजार-हजार रुपयांना जातात, आणि नीटच्या किंवा पोलीस भरतीच्या तयारीतल्या मुलांसाठी आई-बाप त्या घेतात. 2017 मध्ये कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध पुरावा तपासून लिहिलं, की कर्क्युमिन शरीरात टिकत नाही, रक्तात नीट उतरत नाही आणि काटेकोर चाचण्यांत ते यशस्वी ठरलेलं नाही. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात चाळीस माणसांवरच्या एका चाचणीत स्मृती थोडी सुधारल्याचं दिसलं, पण ते खास बनवलेलं, शोषलं जाणारं कर्क्युमिन होतं, आणि चाळीस माणसं म्हणजे फार थोडी. हळद भाजीत घालावी, जखमेवर लावावी, चांगल्या भावाने विकावी. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलाच्या डोक्यातली ठोक्यांची साखळी गोळीने सांधली जात नाही.

हळदीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. पिवळेपणा वाढवायला लेड क्रोमेट मिसळण्याचा प्रकार बांगलादेशात उघड झाला. शिसं मेंदूतल्या त्याच एनएमडीए ग्राहींचा रस्ता अडवतं, ज्यांच्यावर धरून ठेवण्याचं काम चालतं, आणि मुलांत ते नुकसान भरून निघत नाही. तिथल्या सरकारने 2019 नंतर छापे टाकले, दंड केले, आणि दोनच वर्षांत बाजारातली भेसळ जवळपास नाहीशी झाली. आपल्या हळदीवर मी संशय घेत नाही. पण ज्या जिल्ह्याचं नाव हळदीवर चालतं, त्याने तपासणीची मागणी इतरांच्या आधी करायला हवी.

पुन्हा बांधावर येऊ. दिवसा वीज देण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची. तिचा दुसरा टप्पा 2023 मध्ये जाहीर झाला. फीडरच सौरऊर्जेवर आणायचे, म्हणजे पंपाला उन्हाच्या वेळी वीज. कल्पना उत्तम आहे. पण तिचं समर्थन करताना सरकार स्वस्त विजेबद्दल बोलतं, अनुदानाचा बोजा कमी होईल असं सांगतं. विरोधक सापाबद्दल बोलतात. दिवसाच्या विजेने माणसाचं डोकं दुसऱ्या दिवशी जागेवर राहील, हा लाभ कुठल्याच हिशेबात मांडला जात नाही. रात्रीची वीज स्वस्त पडते असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने तिची किंमत कोण भरतो तेही लिहायला हवं. ठिबक आणि मोबाइलवर चालणारा स्टार्टर घेतलेल्याला घरी झोपून मोटार चालू करता येते, हे खरं. तरी फ्यूज उडाला की जावंच लागतं. आणि ज्याच्याकडे दीड-दोन एकर आणि सरीचं पाणी आहे, त्याच्यासाठी स्टार्टर म्हणजे तो स्वतःच.

तोवर करण्यासारखं काही आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. 1935 मध्ये अमेरिकेत बोइंगचं एक नवं बॉम्बफेकी विमान चाचणीत कोसळलं. वैमानिक अनुभवी होता. शेपटीची कुलूपपट्टी काढायची राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणापूर्वीच्या कामांची यादी कागदावर लिहून वाचायला सुरुवात केली. आजही हजारो तास उडालेला वैमानिक ती वाचतो, कुणी त्याला अडाणी म्हणत नाही. दुकानदाराने मात्रा तोंडी न सांगता पंपागणिक झाकणांत लिहून द्यावी, मार्करने, खोक्यावर. रात्रपाळीच्या दिवसांत फवारणी टाळावी. ती टळणारी नसेल तर माप रात्री झोप झालेल्या माणसाने, बहुधा घरातल्या बाईने, मोजावं, आणि ओतणाऱ्याने दर झाकणाला एक खडा बाजूला ठेवावा. बँकेच्या कागदावर आणि जमिनीच्या व्यवहारावर सही जागरणाच्या दुसऱ्या दिवशी करू नये, समोरचा कितीही घाई करत असला तरी. किंबहुना तो घाई करत असेल तर मुळीच नाही.

आणि एक काम अभ्यासकांचं. वर सांगितलेले सगळे प्रयोग माकडांवर, उंदरांवर, रुग्णांवर, प्रयोगशाळेत आलेल्या माणसांवर, तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर किंवा शहरातल्या गरिबांवर झाले. कयाधूच्या काठावरचा माणूस त्यांत नाही. पण त्याच्याविषयी कळायला प्रयोगशाळा लागणार नाही. कुठल्या फीडरला कुठल्या तारखांना रात्रीची वीज होती, हे महावितरणच्या वेळापत्रकात असतं. फवारणीच्या विषबाधेचा रुग्ण कुठल्या गावचा, कुठल्या तारखेला आला, हे रुग्णालयाच्या नोंदवहीत असतं. दाखल झालेल्याला औषधाचं नाव विचारताना आदल्या तीन रात्री तो शेतात होता का, एवढा एक प्रश्न वाढवायचा. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, नांदेडला जुनं वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि 2024 पासून हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. दोन्ही याद्यांतल्या तारखा गावनिहाय शेजारी मांडायच्या आहेत. जुलै ते ऑक्टोबर एवढा एक हंगाम आणि दोन विद्यार्थी त्याला पुरे.